चिखलाची वाट आणि आपला तोल



मृगाचा पाऊस पडला, जमिनीत ओल मुरली की गावोगावी पेरणीची घाई सुरू होते. त्याच आठवड्यापासून दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडायला लागतं. "डॉक्टरसाहेब, आता फिरणं बंद. बाहेर नुसता चिखल हाय."

हे सांगणारे शेतकरी नसतात. शेतकऱ्याला चिखल टाळून चालत नाही. सांगणारे असतात दुकानदार, शिक्षक, बँकेतले आणि तहसीलमधले कर्मचारी, नुकतेच सेवानिवृत्त झालेले काका आणि गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या काकू. उन्हाळ्यात ऊन आहे म्हणून फिरणं बंद, पावसाळ्यात चिखल आहे म्हणून बंद. उरले थंडीचे दोन-तीन महिने. मग दसरा-दिवाळीला तपासायला येतात तेव्हा साखर वाढलेली असते, वजन वाढलेलं असतं आणि पाय आखडलेले असतात.

आज मी तुमच्यासमोर एक मत मांडणार आहे. ते ऐकून काही जण माझ्यावर हसतील. माझं म्हणणं असं, की चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या आणि बसून काम करणाऱ्या माणसानं पावसाळ्यात चिखल टाळू नये. उलट आठवड्यातून एकदा किंवा निदान महिन्यातून दोनदा एखादी छोटी जंगलवाट गाठावी आणि त्या चिखलातून किलोमीटर-दीड किलोमीटर सावकाश चालावं. मात्र ही गोष्ट तयारीनं करावी आणि काही जणांनी आधी तपासणी करून घ्यावी. दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

"डॉक्टर, पडलो तर?"

पहिली शंका हीच येते, आणि ती रास्त आहे. पडणं ही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचा नंबर लागतो, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वात जास्त असतात.

पण ही माणसं पडतात कुठे? खुब्याचं हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी नेहमी विचारतो. उत्तरं ठरलेली असतात. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर. रात्री लघवीला उठताना. उंबऱ्याला ठेच लागून. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. म्हणजे रोजच्या, ओळखीच्या, सपाट जागेवर. जंगलात गेल्यामुळे खुबा मोडलेला म्हातारा माणूस मला क्वचितच भेटतो.

असं का होतं, हे कळायचं असेल तर आपला तोल कसा सांभाळला जातो ते पाहावं लागेल.

तोल कोण सांभाळतं?

उभं राहताना आणि चालताना मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत खबर जात असते. पहिली खबर डोळ्यांची. दुसरी आतल्या कानातल्या बारीक नळ्यांची, ज्या डोकं कुठे कललं ते सांगतात. तिसरी खबर तळपाय, घोटा, गुडघा आणि कंबर यांच्या सांध्यांतून आणि स्नायूंतून जाते. डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे हे आपल्याला कळतं ते या तिसऱ्या खबरीमुळे.

वय वाढतं तशी तिन्ही यंत्रणांची धार कमी होते. मोतीबिंदूमुळे नजर मंदावते, कानाची यंत्रणा सुस्तावते, पायांच्या नसा हळू बोलायला लागतात. मेंदूला खबर उशिरा मिळते आणि स्नायूंना हुकूम उशिरा जातो. पाय घसरला की सावरायला सेकंदाचा छोटासा भाग मिळतो. तेवढ्यात घोट्याचे आणि मांडीचे स्नायू आवळले गेले तर माणूस सावरतो, नाही तर खाली येतो.

आता घरातल्या टाइल्स, सिमेंटचा रस्ता, गाडीचं पायदान आणि ऑफिसची फरशी आठवा. दिवसभर आपला पाय एकाच पद्धतीनं, एकाच कोनात पडतो. घोट्याला आत-बाहेर वळायचं काम नाही. बोटांना जमीन पकडायचं काम नाही. ज्या यंत्रणेला वर्षानुवर्षं काम मिळत नाही ती ऐनवेळी कशी धावून येणार? हात महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवला तर दंड सुकतो हे आपण पाहतो. तोलाचंही तसंच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

चिखल नेमकं काय करतो?

चिखलाच्या जंगलवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. एक पाऊल मऊ मातीत रुततं, दुसरं दगडावर टेकतं, तिसरं मुळीवर तिरपं पडतं. घोट्याला दरवेळी नवा हिशोब करावा लागतो. गुडघा थोडा वाकवून ठेवावा लागतो, पाऊल उंच उचलावं लागतं. कंबरेच्या बाजूचे स्नायू, जे खुर्चीत बसून अगदी ढिले पडलेले असतात, ते जागे होतात.

यात ताकदही जास्त लागते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथं जेमतेम अडीच सेंटिमीटरपर्यंत उंचसखल केलेल्या पट्ट्यावर माणसांना चालवलं. सपाट पट्ट्याच्या तुलनेत त्यांची ऊर्जा २८ टक्के जास्त खर्च झाली. अडीच सेंटिमीटर म्हणजे एक इंच! आपल्या वाटेवर तर पायाखाली चिखल, दगड आणि चढ तिन्ही असतात. म्हणून सपाट रस्त्यावरच्या तीन किलोमीटरशी या एका किलोमीटरची तुलना करू नका. वाट छोटी असली तरी काम पुरेसं होतं.

तोलाबद्दल आणखी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगन इथं साठी ओलांडलेल्या १०८ जणांवर १६ आठवडे तो झाला. काही जणांना नेहमीसारखं चालायला सांगितलं आणि काहींना गोट्यांसारख्या उंचवटे असलेल्या चटईवर. चटईवर चालणाऱ्यांचा तोल जास्त सुधारला आणि रक्तदाबातही थोडा फरक पडला. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होत नाही, पण तळपायाला वेगवेगळा स्पर्श मिळाला की शरीर शिकतं, हे त्यातून दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही पाहा. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ६५ च्या पुढच्यांसाठी आणखी एक ओळ आहे, ती फारशी कुणी वाचत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायामही करावा, असं त्यात म्हटलं आहे. नुसतं सपाट रस्त्यावर फेऱ्या मारून हा भाग पूर्ण होत नाही.

आधी घरी एक परीक्षा घ्या

भिंतीजवळ उभे राहा, जवळ कुणाला तरी उभं करा. अनवाणी व्हा. एक पाय उचलून त्याचा चवडा दुसऱ्या पायाच्या पोटरीला मागून टेकवा. हात बाजूला सोडा, नजर समोर ठेवा. असं १० सेकंद उभं राहता येतं का पाहा. तीन वेळा प्रयत्न करायला हरकत नाही.

ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांची ही परीक्षा घेतली होती आणि तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण पाचातला एक जण नापास झाला. पुढच्या काही वर्षांत नापास झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. याचा अर्थ एका पायावर उभं राहता आलं नाही म्हणून माणूस मरतो असा नाही. तोल गेलेला असतो तेव्हा बहुधा साखर, स्नायू, नसा, हृदय यांतही काहीतरी बिघडलेलं असतं. तोल ही एक खूण आहे.

तुम्ही १० सेकंद उभे राहिलात तर चिखलाच्या वाटेला निघायला हरकत नाही. नाही राहता आलं तर आधी महिनाभर घरीच, भिंतीचा आधार घेऊन, रोज दोन वेळा सराव करा. दात घासताना केला तरी चालतो. मग वाटेचं पाहू.

आपल्याकडे अशी वाट आहे कुठे?

हा प्रश्न मराठवाड्यात खराच पडतो. लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे. आपल्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा इतिहास आहे, खंदकाचा किल्ला आहे, जगत्तुंग सागर आहे, मन्याड नदी आहे, आजूबाजूला बालाघाटाच्या टेकड्या आहेत, पण दाट जंगल नाही. नांदेड जिल्ह्यातलं खरं जंगल उत्तरेला, किनवट-माहूरच्या बाजूला. पलीकडे पैनगंगा आणि तिचं अभयारण्य. माहूरला रेणुकामातेचं ठाणं, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. शेजारी दत्तशिखर, अनसूयामातेचं शिखर, आणि या सगळ्यांभोवती सागवानाचं रान. राखी पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे भर पावसाळ्यात, भाविक माहूरगडाची परिक्रमा करतात. ती वाट चिखलाची, दगडांची, झाडीची. त्यात सत्तरीची मंडळीही दिसतात. त्यांना कुणी व्यायाम म्हणून सांगितलेलं नसतं. पूर्ण परिक्रमा मोठी आहे आणि नवख्या माणसानं एकदम तिथे उडी मारू नये. पण माहूर परिसरात, वझरा शेख फरीदच्या धबधब्याकडे किंवा इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या बाजूला गेलात, तर सगळा वेळ गाडी आणि फोटो यांत न घालवता वनविभागाची परवानगी असलेल्या वाटेनं थोडं चाला. अभयारण्यात मनानं कुठेही शिरायचं नाही.

दर आठवड्याला माहूर कुणाला शक्य नाही, हे मलाही कळतं. कंधारहून ते तीन-चार तासांचं अंतर. म्हणून सराव गावाजवळ करायचा. वनविभागानं किंवा सामाजिक वनीकरणानं झाडं लावलेल्या टेकडीची वाट असेल, तलावाच्या कडेची पायवाट असेल, ती चालेल.

"मग शेताची पांदण का नको?" असं कुणीही विचारेल. आपली काळी माती पाण्यानं फुगते. चिकट होते. दहा पावलांत बुटाला दोन-दोन किलोचे गोळे लटकतात आणि पाय ओढून काढताना गुडघ्याला पीळ बसतो. शिवाय पांदणीत बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, त्यात पाणी साठतं आणि खोली कळत नाही. टेकडीवर मुरूम असतो, झाडांच्या मुळ्या माती धरून ठेवतात, पाल्याचा थर असतो. तिथला चिखल पाय पकडतो पण गिळत नाही. नवशिक्यासाठी तो बरा. आणि झाडाखाली, पाखरांच्या आवाजात अर्धा तास चाललं की मन हलकं होतं, त्यासाठी मला कुठला अभ्यास सांगायची गरज वाटत नाही. चालून आल्यावर ज्या झोपेची तक्रार तुम्ही माझ्याकडे करता ती झोप लागते का, ते तुम्हीच मला सांगा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं?

आता दुसरी बाजू. पुढच्या मंडळींनी हा लेख वाचून लगेच निघू नये.

पहिले, मधुमेहाचे रुग्ण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींपेक्षा जास्त लोकांना मधुमेह आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, बुटात खडा असला तरी कळत नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसतं. ती जखम चिघळली तर बोट, कधी पाय गमावण्याची वेळ येते. तुमच्या डॉक्टरांना सांगा, "माझ्या पायाची संवेदना तपासा." १० ग्रॅमचा एक साधा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून दोन मिनिटांत हे कळतं. पाय बधिर असतील तर चिखलाच्या वाटेवर जाऊ नका. तुमचा तोल वाढवायला घरातले, बसून आणि आधार घेऊन करायचे व्यायाम आहेत.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. नवरात्रात किंवा नवस म्हणून अनवाणी चालायची आपल्याकडे श्रद्धा आहे. मी श्रद्धेच्या आड येत नाही. पण मधुमेह असलेल्या माणसानं अनवाणी चालू नये. आईला आपल्या लेकराच्या पायाला जखम झालेली आवडत नाही. नवस दुसऱ्या तऱ्हेनं फेडता येतो, कापलेला पाय परत येत नाही.

इन्शुलिन किंवा साखर झपकन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालताना साखर घसरू शकते. खिशात ग्लुकोज, साखर किंवा गूळ ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तोंडात टाका आणि बसा.

दुसरे, हृदयाचे रुग्ण. चढावर छातीत भरून येतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, सपाटीवरही दम लागतो, अशांनी आधी तपासणी करावी.

तिसरे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, वारंवार चक्कर येणारे, हाडं ठिसूळ झालेले आणि गेल्या वर्षभरात दोनदा पडलेले. यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये.

गुडघेदुखी असलेल्यांना मात्र मी सरसकट नाही म्हणत नाही. गुडघ्याची झीज झालेल्या माणसालाही चालण्याचा फायदा होतो. फक्त उतार कमी असलेली वाट निवडा, कारण गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा. बहुतेक जण उलटं करतात.

कसं चालायचं?

बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. रबरी चप्पल नको, गुळगुळीत सोलचे बूट नकोत. पूर्ण गमबूट साप-विंचवापासून चांगले, पण सैल असतील तर पाय आत घसरतो, म्हणून मापाचे घ्या आणि मोजे घाला. पॅंटचा पाय मोज्यात खोचा. दिसायला गावठी दिसेल, दिसू द्या.

काठी घ्या. पुढे चिखल किती खोल आहे ते आधी काठीनं पाहा, मग पाऊल टाका. पावलं छोटी ठेवा आणि पूर्ण तळवा टेकवा. टाच आधी आपटली की घसरायला होतं. उतरताना गुडघे किंचित वाकवा, घाई करू नका, गरज पडली तर आडवं उतरा. ओल्या काळ्या दगडावर शेवाळ असेल तर त्यापेक्षा शेजारचा चिखल बरा. हात मोकळे ठेवा. मोबाईल खिशात. व्हिडिओ काढत चालणं म्हणजे पडायची तयारी.

वेळ सकाळची, उजेड असतानाची. किनवट-माहूरच्या रानात अस्वल आणि बिबट्या आहेत, रानडुकरं तर सगळीकडे आहेत. एकट्यानं जाऊ नका, बोलत चाला, पहाटे अंधारात आणि संध्याकाळी जाऊ नका, आणि स्थानिक माणसाचं ऐका.

चार खरे धोके

चिखलाची भीती बाळगण्यापेक्षा या चार गोष्टींची माहिती ठेवा.

साप. भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप. दंश बहुतेक पायाला होतो, म्हणून बूट आणि काठी. पाला किंवा दगड हातानं उचलू नका. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. पाय लाकडाचा आधार देऊन स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. तिथं प्रतिविष मिळतं. आपल्याकडे आधी मारुतीच्या देवळात नेतात. देवाच्या पाया जरूर पडा, पण दवाखान्यातून बरे होऊन आल्यावर.

विंचू. लाल विंचवाच्या दंशानंतर नुसतं दुखत असेल तर ठीक, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय थंड पडणं ही लक्षणं दिसली तर हृदयाला धोका असतो. मराठवाड्याचेच सुपुत्र असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करताना प्राझोसिन या साध्या गोळीनं असे रुग्ण वाचतात हे जगाला दाखवलं. म्हणजे इलाज आहे, फक्त वेळेत पोचा.

ताप. झुडपांत, गवतात एक डोळ्यांना न दिसणारा किडा असतो, त्याची पिल्लं चावली की स्क्रब टायफस नावाचा ताप येऊ शकतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. कंबर, काख, जांघ अशा ठिकाणी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. दुसरा ताप लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून तो शिरतो. दोन्हींवर स्वस्त गोळ्या आहेत, पण निदान वेळेत व्हायला हवं. म्हणून जंगलातून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "मी रानात जाऊन आलोय." या एका वाक्यानं तुमचे चार दिवस आणि कधी कधी जीवही वाचतो.

वीज. मराठवाड्यात विजेनं दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घ्या. ढग गडगडायला लागले की परत फिरा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. ओढ्याला पाणी चढलेलं असेल तर ओलांडू नका, मग ते घोट्याएवढं का वाटेना.

घरी आल्यावर

पाय साबणानं धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. ओल राहिली की चिखल्या होतात. बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फाटते, खाज सुटते. त्यातून पुढे जंतू शिरून पाय सुजतो. शेतात रोज चिखलात असणाऱ्या भावांनी आणि माय-माउल्यांनीही हे लक्षात ठेवा. रॉकेल, हळद-चुना असलं काही लावू नका. कोरडं ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम एवढं पुरतं.

उजेडात दोन्ही तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील तर आरसा खाली ठेवा किंवा नातवाला सांगा. कापलं असेल तर वाहत्या पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवा. दर १० वर्षांनी ती घ्यायची असते. जखम घाण असेल आणि ५ वर्षं उलटली असतील तर लगेच घ्या.

घोटा मुरगळला असेल तर मालीश करू नका. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा.

एक विनंती, सगळ्यांसाठी

शेवटी थोडं वैद्यकाच्या बाहेरचं बोलतो, पण ते तुमच्या तब्येतीचंच आहे.

हल्ली बाग, तलाव, टेकडी, तीर्थक्षेत्र यांचा विकास म्हणजे पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट असं समीकरण झालं आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजीला, बधिर पायांच्या मधुमेह्याला सपाट रस्ता हवाच. तो करा. पण त्याच्या शेजारी दोनशे मीटरची एक मातीची वाट तशीच राहू द्या. तिच्यावर थोडे दगड असू द्या, झाडांच्या मुळ्या असू द्या, पावसात तिचा चिखल होऊ द्या. कडेला हात धरायला एक कठडा करा, काट्याची झुडपं छाटा, साप दिसेल इतकं गवत कापा. याला सिमेंटपेक्षा कितीतरी कमी पैसा लागतो. नगरपालिकेचे सदस्य, ग्रामपंचायतीचे सरपंच यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर यावर विचार करावा. आणि ज्यांना आवडेल त्यांनी ही मागणी करावी, कारण मागितल्याशिवाय मिळत नाही.

नातवंडांनाही त्या वाटेवर सोडा. त्यांचे बूट भरले म्हणून ओरडू नका. त्यांचा तोल आत्ता घडतो आहे. तो आयुष्यभर त्यांच्या कामी येईल.

तर मंडळी, या आठवड्यात करायच्या गोष्टी तीन. एका पायावर १० सेकंद उभे राहून पाहा. मधुमेह असेल तर पायाची संवेदना तपासून घ्या. बूट आणि काठी काढून ठेवा. मग उघडीप मिळाली की दोघं-तिघं मिळून निघा, अर्धा तास चाला आणि परत या. पहिल्या दिवशी पोटऱ्या दुखतील. दोन दिवसांत थांबतात. त्यासाठी दवाखान्यात यायची गरज नाही.